पॉलिश मारलेलं पुस्तक

पुस्तकालाही किंमत असते, हे ताईचा फोन येईपर्यंत धाकट्याच्या कधी मनातही आलं नव्हतं. किंमत गाडीला असते, सीटला असते, फोमला आणि रेक्झिनला तर रोज नवी असते. पण पुस्तक? ते आपलं घरात असतं, आजीच्या चष्म्यासारखं.

"ऐकतोयस ना?" ताई फोनवर म्हणाली. "अण्णांचं ते लाल कापडाचं पुस्तक. डोंगरातल्या मोटार-शर्यतींचा इतिहास. आमच्या जावयाने शोधून काढलं. तीनशेच प्रती छापल्या होत्या म्हणे. त्यातल्या निम्म्या बांधणीवाल्याच्या गोदामात भिजून गेल्या. लोक शोधतायत ते."

"लोकांना कामं नाहीत," धाकटा म्हणाला.

"तुला आहेत ना? मग ते खटारं मशीन बदल एकदाचं. हातभर शिवण घालतं आणि सुई मोडतं."

हे मात्र खरं होतं. धाकटा गाड्यांच्या सीटा शिवायचा. अण्णा होते तेव्हा ते त्याला 'आमचा सुईदोरा' म्हणायचे आणि पुढे सगळी गल्लीच तसं म्हणू लागली. अण्णा म्हणजे वडील, मोटार मेकॅनिक. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. ते असतानाच त्यांच्या गॅरेजचे दोन भाग झाले होते: मागच्या शेडमध्ये थोरला भाऊ पत्र्याचं काम करायचा, म्हणजे पोचे काढणं आणि रंग मारणं, आणि रस्त्याकडच्या खोलीत धाकट्याचं कुशनचं दुकान. वाटणीत ताईने काहीच घेतलं नाही. फक्त शेवटचा शब्द स्वतःकडे ठेवला.

तो शब्द तिने आत्ताही टाकला. "जुन्या पुस्तकांचा एक व्यापारी आहे, दोन तासांवर. गुरुवारी त्याच्याकडे जा. किंमत नव्या मशीनच्या वर गेली तर विकायचं. खाली आली तर ठेव तुझ्या उशाशी. कबूल?"

धाकटा म्हणाला, कबूल. त्या घरात ताईला दुसरं काही कोणी कधी म्हटलंच नव्हतं. फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं, आपण काय कबूल केलं ते. त्याला मशीन हवं होतं, नाही असं नाही. पण पुस्तक त्याहून हवं होतं. तेव्हा आता जगात एकच गोष्ट व्हायला हवी होती: ते पुस्तक कवडीमोल निघायला हवं होतं. वडिलांची वस्तू कवडीमोल निघो म्हणून मनापासून प्रार्थना करणारा मुलगा तुम्ही बघितला नसेल, तर हा बघून घ्या.

त्याला छापलेल्या इतिहासाचं काही पडलं नव्हतं. कोणत्या साली कोण घाट पहिला चढला, हे त्याला आजही धड सांगता आलं नसतं. त्याला हवे होते ते समास. हे पुस्तक एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने अण्णांना दिलं होतं. त्याच्या जुन्या गाडीचं इंजिन अण्णांनी महिनाभर खपून जिवंत केलं आणि मजुरी घेतली नाही, कारण म्हणे त्या इंजिनाकडून आपणच शिकलो. त्या दिवसापासून जेवण झालं की अण्णा काढून ठेवलेल्या एखाद्या सीटवर आडवे व्हायचे, कानावरची पेन्सिल हातात घ्यायचे आणि पुस्तकाशी भांडायला लागायचे.

लेखकाने लिहावं, 'या गाडीचे इंजिन अत्यंत शांत होते.' शेजारी अण्णा: 'लेखक बहिरा असावा.' लेखकाने लिहावं, 'हे यंत्र उघडण्यास सोपे आहे.' अण्णा: 'उघडणं सोपं. लावून दाखव.' कुठे चार बोल्ट म्हटलं असेल तर अण्णांनी चार खोडून सहा केले होते आणि खाली लिहिलं होतं, 'मी स्वतः उघडलंय. सहावा बोल्ट हाताला लागत नाही, शिवी दिल्यावर लागतो.' एका गाडीच्या फोटोखाली नुसतंच: 'काय रूप आहे!' आणि मधेमधे घरचं. 'ताई पास झाली. गॅस्केट मात्र पुन्हा फुटलं.' 'आज हिला बरं वाटलं. दोन घास जास्त जेवली.' ही म्हणजे धाकट्याची आई. तिचं ते आजारपण आता कोणाला फारसं आठवतही नव्हतं, पण ते दोन घास एकशे चाळिसाव्या पानावर होते.

अण्णांची नजर गेली तेव्हा शेवटची दोन वर्षं धाकट्याने त्यांना हे पुस्तक वाचून दाखवलं होतं. आधी छापील ओळ, मग समासातली. छापील ओळीवर अण्णा डोळे मिटून पडून राहायचे आणि समास आला की हसायचे. "मी लिहिलंय हे? बरोबरच लिहिलंय!" दुपारची वेळ, दुकानात ताज्या फोमचा वास, पलीकडून थोरल्याची ठोकठोक आणि अण्णांच्या गुडघ्यावरून घसरणारी चादर. आयुष्यात आपण कधी सुखी होतो, असं कोणी विचारलं असतं तर धाकट्याने त्या दुपारी दाखवल्या असत्या.

सोमवारी थोरला दुकानात डोकावला. थोरला म्हणजे साठीचा, खांद्याने रुंद, बोलायला मोठा आणि मनाने त्याहून मोठा माणूस. त्याने टेबलावरचं पुस्तक उचललं, उलटंपालटं केलं, आणि नाक मुरडलं.

"हे असं नेणार तू?"

"मग कसं नेऊ?"

"लेका, विकायची गाडी कोणी न धुता बाजारात नेतं का? हे बघ. बोटांचे काळे डाग. कडा पिवळ्या. वरचा कागद फाटलेला. गिऱ्हाईक आधी रूप बघतं, मग बॉनेट उघडतं. दे इकडे, पुसून देतो."

"पुसून म्हणजे फक्त पुसून हं, दादा."

"मग काय, ठोकून देऊ?"

धाकट्याला त्या दिवशी एका बसच्या चाळीस सीटा बसवायला जायचं होतं. कोरड्या फडक्याने पुसलं तर काय बिघडतं, असा विचार करून त्याने पुस्तक दिलं. थोरल्याच्या हातात एखादी गोष्ट गेली की ती आहे त्या रूपात परत येत नाही, हे त्याला पंचावन्न वर्षांत कळायला हरकत नव्हती.

बुधवारी संध्याकाळी थोरला आला. पुस्तक मऊ पिवळ्या फडक्यात गुंडाळलेलं होतं, गाडीला शेवटचा हात मारतात तसल्या. त्याने ते टेबलावर ठेवलं, फडकं हळूच ओढलं आणि दोन पावलं मागे सरकून उभा राहिला.

पुस्तक चकाकत होतं. कापडी पुठ्ठ्यावर गडद लाल रंग बसला होता, आणि त्यावर असं लॅकर की वरची ट्यूबलाइट त्यात सरळ रेघेत दिसत होती.

"दोन हात रंग, एक हात लॅकर," थोरला म्हणाला. "सोनेरी अक्षरांवर पट्टी लावून घेतली होती. एका अक्षराला धक्का नाही. कडा बघ. आधी दोनशे वीस नंबरचा पॉलिश पेपर, मग चारशेचा. हात लाव!"

धाकट्याने हात लावला. पानांच्या कडा पांढऱ्याशुभ्र आणि बाळाच्या गालासारख्या मऊ झाल्या होत्या.

"वरचं ते फाटकं वेष्टन टाकलं. आणि आत कुणीतरी पेन्सिलीने गिरगटून ठेवलं होतं, ते सगळं खोडलं. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. नऊ खोडरबरं गेली, लेका. अंगठा सुजलाय."

"कुणीतरी?" धाकट्याने विचारलं.

"अण्णांचंच असेल. हिशेब-बिशेब, सामानाच्या याद्या. मी वाचलं नाही. वाचत बसलो असतो तर झालं असतं का काम?" थोरल्याने त्याच्या पाठीवर थाप मारली. "आता बघ नवं मशीन येतं की नाही. आणि मला यातलं काही नको. रंगाचेही पैसे नकोत."

माणसाने वाकडं केलं तर त्याच्याशी भांडता येतं. इतक्या प्रेमाने केल्यावर काय करणार? धाकटा "छान झालंय" म्हणाला. मग थोरला शीळ घालत गेला, आणि धाकट्याने दुकानाचं शटर निम्मं ओढून पुस्तक उघडलं.

लेखक बहिरा नव्हता. बोल्ट चारच होते. एकशे चाळिसाव्या पानावर कोणी दोन घास जास्त जेवलं नव्हतं. चारशे पानं स्वच्छ, आणि समासांत कुठेच अण्णा नाहीत. धाकट्याने पानं उलटत उलटत शेवट गाठला आणि मग पंचावन्न वर्षांचा तो माणूस फोमच्या गठ्ठ्यावर बसून हमसून हमसून रडला.

आणि त्या रडण्याच्या मधोमध त्याचा जीव किंचित भांड्यात पडला. हे त्याने कोणालाच सांगितलं नसतं, म्हणून आपणच सांगून टाकू.

दोनशे बाराव्या पानावर एका शर्यतीच्या गाडीच्या मडगार्डाचं चित्र होतं. त्याच्या बाजूला अण्णांनी एकेचाळीस वर्षांपूर्वी लिहिलं होतं: 'थोरल्याने आज असंच एक मडगार्ड सरळ केलं. मी लांबून बघितलं. त्याचा हात माझ्याहून साफ आहे. त्याला इंजिनात ओढत राहिलो ही माझी चूक.'

थोरल्याला हे कधीच कळलं नव्हतं. अण्णांचं मत सगळ्यांना ठाऊक होतं: इंजिन ही विद्या, पत्रा म्हणजे ढोलकं. त्यावरून थोरला एकोणिसाव्या वर्षी घरातून निघून गेला, दुसऱ्या गल्लीत पत्रा ठोकायला लागला, आणि बापलेक चार वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. पुढे समेट झाला, तो घरांत होतो तसाच. कोणी कोणाची माफी मागितली नाही, एक दिवस अण्णांनी नुसता चहा पाठवला. पण त्यानंतरही दोघांत बोलणं व्हायचं ते कामाचं. अण्णांनी शाबासकी दिली नाही आणि थोरल्याने मागितली नाही.

ती ओळ धाकट्याला वाचून दाखवताना सापडली होती, तेरा वर्षांपूर्वी. तो थबकला. अण्णा डोळे मिटून म्हणाले, "पुढे काय आहे?" "चित्र आहे, अण्णा." "त्या चित्राशेजारी मी काही लिहिलं होतं का रे?" आणि धाकटा म्हणाला, "नाही."

का म्हणाला? कारण अण्णांपाशी आयुष्यभर राहिला तो हा. औषधं दिली ती याने, अंघोळ घातली ती याने, पुस्तक वाचलं ते याने. आणि चारशे पानांत ताई होती, आई होती, गॅस्केट तर सतरा ठिकाणी होतं, पण धाकट्याबद्दल एक ओळ नव्हती. सोडून गेलेल्याला तीन ओळी आणि जवळ राहिलेल्याला एक नाही! त्या दुपारी जे आतमध्ये आंबट झालं ते तेरा वर्षं तसंच राहिलं. आता ती ओळ थोरल्याने स्वतःच्याच हाताने, नऊ खोडरबरं झिजवून पुसली होती. धाकट्याला वाटलं, चला, सुटलो. आणि असं वाटलं म्हणून तो आणखी रडला.

गुरुवारी दोघं भाऊ थोरल्याच्या व्हॅनमधून गेले. व्यापाऱ्याचं दुकान म्हणजे एका जिन्यावरची लांब खोली होती. पुस्तकं भिंतींना लागून, जमिनीवर, खुर्च्यांवर, आणि एकाच खिडकीशी टेबल. व्यापारी सत्तरीपलीकडचा, बारीक, स्वेटरची कोपरं विरलेला. त्याने फडकं उघडलं, पुस्तक नाकाशी नेलं आणि जोरात शिंकला.

"हे काय आहे?"

"पुस्तक," थोरला म्हणाला.

"ते दिसतंय. वर काय आहे?"

"दोन हात रंग, एक हात लॅकर. ऊन-पाऊस, काही होणार नाही त्याला."

म्हाताऱ्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. पण चष्म्याचा दोष नव्हता. "याला कागदी वेष्टन होतं," तो सावकाश म्हणाला.

"फाटकं होतं. टाकलं."

"कुठे?"

"कचऱ्याची गाडी घेऊन गेली."

"कडा कोणी घासल्या?"

"मीच," थोरला म्हणाला, पण आता छाती जरा आत गेली होती. "का? पत्र्यावर राहतात तशा लाटा राहिल्यात का कुठे?"

म्हातारा चांगला माणूस असावा, कारण तो ओरडला नाही. त्याने दोघांना खुर्च्यांवरची पुस्तकं काढून बसायला सांगितलं आणि मुलांना समजावतात तसं समजावलं. पुस्तकाच्या बाजारात म्हातारपणाची किंमत असते. कापड विटलेलं चालतं, पण ते तेच कापड हवं. वेष्टन फाटकं चालतं, पण ते असायला हवं. "तुमच्या ताईंनी फोनवर सांगितलं होतं तसं ते आलं असतं, तर मी एवढे दिले असते." त्याने आकडा सांगितला. धाकट्याने मनातल्या मनात भागाकार केला. तीन नवी मशिनं आणि वर दोऱ्याची रिळं.

"आणि आता?" थोरल्याने विचारलं.

"आता वाचायला उत्तम आहे." म्हाताऱ्याने दुसरा आकडा सांगितला. त्यात सुयांचं एक पाकीट आलं असतं.

म्हणजे धाकटा जिंकला होता. ताईच्या अटीप्रमाणे पुस्तक त्याचं. त्याने थोरल्याकडे बघितलं. थोरला स्वतःच्या सुजलेल्या अंगठ्याकडे बघत बसला होता, आणि एवढा रुंद माणूस मावूनही त्या खुर्चीत जागा उरली होती.

म्हातारा सहज पानं चाळत होता. मधेच त्याने एक पान खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं आणि डोळे बारीक केले. "इथे काही लिहिलेलं होतं का?"

"आमच्या अण्णांनी," धाकटा म्हणाला. "ते मोटार मेकॅनिक होते. यातल्या बऱ्याच गाड्या त्यांनी उघडल्या होत्या."

"काय लिहिलं होतं?"

धाकट्याने सांगितलं. बहिरा लेखक सांगितला, शिवी दिल्यावर हाताला लागणारा बोल्ट सांगितला. म्हातारा खळखळून हसला, आणि हसता हसता थांबला.

"सगळ्या पानांवर होतं असं?"

"जवळजवळ."

"असं पुस्तक माझ्याकडे चाळीस वर्षांत एकदाही आलेलं नाही," म्हातारा म्हणाला. "लिहिणाऱ्याने लांबून बघितलेल्या गाड्या, आणि हात घातलेल्या माणसाने त्याच पानावर धरलेल्या चुका. मघाशी मी तुम्हाला पहिला आकडा सांगितला ना? तो विसरा. याची किंमत मला करताच आली नसती."

मग थोरल्याने विचारलं, "पेन्सिलीचं होतं ते. पेन्सिलीला एवढी किंमत?" आणि उत्तर न ऐकताच जिना उतरून गेला.

परतीच्या वाटेवर तासभर व्हॅनचंच इंजिन बोलत होतं. मग थोरला म्हणाला, "तुला सगळं पाठ आहे?"

"बरंचसं."

"मग काल मला दोन मुस्काटात का नाही मारल्यास?"

"तू एवढा खुश होतास."

"मला वाटलं, याद्या असतील." थोड्या वेळाने: "मला काय माहीत तो माणूस पुस्तकात बोलतो म्हणून. माझ्याशी तर पान्याच्या नंबरापलीकडे बोलला नाही." धाकटा खिडकीबाहेर बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर थोरला कुशनच्या दुकानात आला. हातात लांब वायरचा हँडलॅम्प. त्याने शटर ओढून खोलीत अंधार केला, पुस्तक टेबलावर उघडलं आणि दिवा पानाच्या पातळीला, अगदी आडवा धरला.

"तो म्हातारा पान कसं धरत होता बघितलंस? आपण पत्रा धरतो तसं. समोरून उजेड टाकला की पत्रा सपाटच दिसतो. आडवा टाक, मग पोचा दिसतो." त्याने दिवा आणखी खाली नेला. "बघ."

पांढऱ्या समासात बारीक सावल्या उमटल्या. अण्णा पेन्सिल दाबून लिहायचे, बोल्ट आवळल्यासारखं. शिसं गेलं होतं, पण कागदावरचे पोचे राहिले होते. "ले... ख... क," थोरला वाचू लागला. "लेखक ब... बहिरा..." आणि तो असा हसला की दिवा हलला आणि सगळं पुसलं गेलं. "थांब थांब, परत. तू लिहून घे. त्याच जागी लिही, त्याच पोच्यातून."

मग रोज दुपारी तेच. थोरला दिवा धरून वाचायचा, अडला की धाकटा आठवून सांगायचा आणि टोकदार पेन्सिलीने अण्णांच्या खुणांतून अक्षरं परत भरायचा. भरलेली अक्षरं थोडी धाकट्याची दिसायची, थोडी अण्णांची. दोनशे वीस नंबरच्या पॉलिश पेपरने जे कडेला गेलं ते गेलंच. काही शब्दांची शेपटं कायमची तुटली. पण थोरला साठाव्या वर्षी पहिल्यांदाच बापाचं बोलणं ऐकत होता. "हा माणूस असा होता?" तो दर चार पानांनी विचारायचा. आईच्या दोन घासांपाशी त्याने दिवा खाली ठेवला आणि बाहेर जाऊन तोंडावर पाणी मारून आला.

इकडे धाकटा पानं मोजत होता. एकशे ऐंशी झाली. दोनशे झाली. त्या दिवशी त्याने डोकं दुखतंय असं सांगून काम लवकर थांबवलं. रात्रभर ठरवलं आणि मोडलं. आणि दुसऱ्या दुपारी दोनशे बारावं पान आलंच.

थोरल्याने दिवा आडवा केला. मडगार्डाचं चित्र उजळलं. "काय सुंदर वळण दिलंय रे," तो म्हणाला. समास मात्र कोराच दिसत होता. त्याने दिवा डावीकडून धरला, उजवीकडून धरला. काही नाही. धाकटा पान उलटायला पुढे झाला.

"थांब." थोरल्याने दिवा बाजूला ठेवला, डोळे मिटले आणि समासावर तीन बोटं फिरवली. बॉनेटवर फिरवतो तशी, न दाबता. डोळ्याला न दिसणारा पोचा तो असाच शोधायचा. त्यासाठी लांबून लांबून गाड्या यायच्या. "आहे काहीतरी इथे. फार हलकं आहे. दाबलेलंच नाही. वाचता येत नाही." त्याने डोळे उघडले. "तुला आठवतंय काही?"

दुसऱ्यांच्या चुका अण्णांनी पेन्सिल रुतवून लिहिल्या होत्या, आणि स्वतःची एकच चूक इतक्या हलक्या हाताने. आता ती ओळ कागदावर नव्हती. जगात एकाच ठिकाणी होती, धाकट्याच्या डोक्यात. 'नाही' म्हटलं असतं तर ताडून बघायला कोणी येणार नव्हतं. एकदा म्हणून झालंच होतं, आणि ज्याला म्हटलं होतं तोही आता नव्हता.

"आठवतंय," धाकटा म्हणाला. आणि त्याने ते सांगितलं, शब्दाला शब्द.

थोरल्याची तीन बोटं समासावरच होती. त्याने विचारलं, "कधीचं आहे?"

"तू गेलास त्याच वर्षीचं. खाली तारीख होती."

"आणि तुला कधीपासून माहीत आहे?"

"तेरा वर्षं." धाकट्याने पेन्सिल खाली ठेवली. "तेव्हा अण्णा होते. त्यांनी मला विचारलं, इथे काही लिहिलंय का. मी नाही म्हणालो. त्यांना तुला सांगायचं असेल, दादा. मी सांगू दिलं नाही. मला..."

थोरला उठला. त्याने दिव्याचं बटण बंद केलं आणि शटर वर करून मागच्या शेडमध्ये निघून गेला. थोड्या वेळाने हातोडीचे घाव ऐकू आले. ते काम करतानाचे घाव नव्हते, नुसतेच होते. धाकटा टेबलापाशी तसाच बसून राहिला. त्याला वाटलं, भाऊ गेला. पहिल्यांदा अण्णांनी घालवला होता, आता आपण.

घाव थांबले. थोरला परत आला, तोंड लाल, श्वास चढलेला. तो धाकट्यासमोर बसला आणि त्याने पुस्तक स्वतःकडे ओढलं.

"तुझ्याबद्दल कुठल्या पानावर आहे?"

"नाही आहे."

"म्हणजे?"

"कुठेच नाही. मी सगळी पानं बघितलीत. कितीदा तरी. माझ्याबद्दल एक शब्द नाही."

थोरला त्याच्याकडे बघत राहिला. तेरा वर्षांचं सगळं त्याला त्या एका वाक्यात कळलं असावं, कारण चेहऱ्यावरचा राग कुठे ठेवावा हे त्याला सुचेना.

"चारशे पानं आहेत," तो अखेर म्हणाला. "असं होणार नाही. तू डोळ्यांनी शोधलंस."

"दादा, नाही आहे."

"हलकं लिहिलं असेल. पुसट झालं असेल तुझ्या हातात यायच्या आधीच. त्या माणसाची खोड आहे ती." त्याने हात पँटला पुसले, पुस्तक बंद केलं, पुन्हा पहिल्या पानापासून उघडलं आणि डोळे मिटून कोऱ्या समासावर तीन बोटं टेकवली. "शटर ओढ आणि गप्प बस जरा. मला बघू दे."